नऊपर्यंत गप्प

माझा आवाज मोठा आहे. हे मला नव्यानं कुणी सांगायची गरज नाही. एकतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. वर्गात सत्तर पोरं, खिडकीबाहेर सिन्नरकडे जाणारे ट्रक, आणि शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्यालाही पचनसंस्था समजली पाहिजे अशी अपेक्षा. अशा ठिकाणी मंजूळ बोलून कुणाचं भलं होत नाही. आमचे मुख्याध्यापक म्हणायचे, बाईंच्या शेजारच्या वर्गातली पोरं एका तासात दोन विषय शिकतात. स्टाफरूम हसायची, मीही हसायचे. मनातून मला ते अजिबात आवडत नसे.

निवृत्त झाले तेव्हा घरात मी आणि नवरा असे दोघंच उरलो. मुलगा बंगळुरूला. नवऱ्याला टीव्हीवरच्या चर्चा दिवसभर पुरतात. मला दुसऱ्याच आठवड्यात घर खायला उठलं. शाळेत होते तेव्हा नाशिकरोडच्या बाजारात भाजी घेताना चार जण ‘नमस्कार बाई’ म्हणायचे. आता सोसायटीत मी ‘बी विंगमधल्या काकू’ झाले. काकूंना कुणी काही विचारत नाही. लिफ्ट बंद पडली का, एवढंच विचारतात.

अशात व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरत आला. गोदावरीच्या बंधाऱ्यामागच्या पाणथळीवर, म्हणजे पक्षी अभयारण्यात, स्वयंसेवक मार्गदर्शक हवे होते. आठ रविवार प्रशिक्षण, आठव्या रविवारी परीक्षा, आणि पास होणाऱ्याला बिल्ला आणि खाकी टोपी. मला तो बिल्ला हवा झाला. लहान पोराला फुगा हवा होतो तसा हवा झाला. मी त्याच दिवशी फॉर्म भरला आणि मूर्खासारखं सगळ्यांना सांगून टाकलं. नवऱ्याला, मुलाला, जुन्या स्टाफला, दूधवाल्याला. नवरा टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाला, “तिथे हळू बोलावं लागतं, माहितीये ना?”

दुसरी एक गोष्ट अशी की ती पाणथळ माझ्या माहेराला लागून आहे. बंधाऱ्याचं पाणी मागे जिथपर्यंत फुगतं तिथे आमच्या गावचं शिवार सुरू होतं. धाकट्या भावाचा द्राक्षाचा खालचा प्लॉट तर पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी सहाला बंधाऱ्यावर हजर राहायचं म्हणजे नाशिकरोडहून वाहन मिळणार नाही. तेव्हा ठरलं की दर शनिवारी दुपारच्या एसटीनं भावाकडे जायचं, रात्री राहायचं आणि रविवारी पहाटे चालत बंधाऱ्यावर. लग्नानंतर इतके सलग शनिवार मी माहेरी कधी राहिले नव्हते.

पहिल्या रविवारी आम्ही चौदा जण थंडीत कुडकुडत उभे होतो. प्रशिक्षक माझ्या मुलाच्या वयाचा, सडपातळ, शांत चेहऱ्याचा. त्याला ‘सर’ म्हणायचं. म्हटलं, म्हणू. पण तो बोलायला लागला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो बोलतच नव्हता, नुसता श्वास सोडत होता. पुढच्या चौघांना काहीतरी कळत असावं, कारण ते माना डोलवत होते. मी मागून विचारलं, “सर, जरा मोठ्यानं बोलता का?” माझ्या मते मी साध्या आवाजात विचारलं. पलीकडच्या उथळ पाण्यातल्या शेकाट्या, त्या लांब लाल पायांच्या, फर्रकन उडून दूर जाऊन बसल्या.

प्रशिक्षकानं डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, “मॅडम, आवाज.”

हे दोन शब्द मी पुढचे सगळे रविवार ऐकले.

आवाजाचं झालं, मग बांगड्यांचं निघालं. दुर्बीण वर उचलली की बांगड्या वाजतात. मी काचेच्या काढून पाटल्या तेवढ्या ठेवल्या, तर त्या एकमेकींवर आपटतात म्हणून त्यांनाही रबरबँड लावायला सांगितलं. साडी नको, रंगीत नको. मी मातीच्या रंगाचा पंजाबी ड्रेस शिवून घेतला. त्यात मी इतकी मातकट दिसत होते की भावजय म्हणाली, “आक्का, बांधावर बसू नका, कुणीतरी पाय देईल.” सुगंधी तेल नको. पिशवी प्लॅस्टिकची नको, ती कुरकुरते. बोटानं पक्षी दाखवायचा नाही, कारण हात उंचावला की पक्षी बिचकतो. मग दाखवायचा कसा? तर घड्याळाच्या पद्धतीनं. आपल्या समोर बारा, उजव्या हाताला तीन, डाव्या हाताला नऊ. “दोनच्या दिशेला, बाभळीच्या खाली, दलदल ससाणा,” असं म्हणायचं. तेही श्वास सोडल्यासारखं. मी आयुष्यभर फळ्यावर छडी ठेवून दाखवलेलं. माझा हात आपोआप वर जायचा, आणि मागून आवाज यायचा, “मॅडम, हात.”

माझ्याबरोबर एक इंजिनियर होता, अंबडच्या कारखान्यातला. त्याच्याकडे हातभर लांब लेन्सचा कॅमेरा. तो कॅमेरा सेकंदाला दहा वेळा खटखटायचा. त्याला कुणी ‘कॅमेरा’ म्हणून टोकलं नाही. मी एकदा प्रशिक्षकाला हे लक्षात आणून दिलं, तर तो म्हणाला की पक्ष्यांना यांत्रिक आवाजाची सवय असते, माणसाच्या आवाजाची भीती असते. मी म्हटलं, “मी यंत्रच आहे सर, एकतीस वर्षं चालू होतं.” कुणीही हसलं नाही. हळू हसायचं होतं म्हणून हसले नसतील, असं मी मनाला समजावलं.

अभ्यासात मी कच्ची नव्हते, हे सांगितलं पाहिजे. हळदीकुंकू बदक, चक्रवाक, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, सगळे मला दोन रविवारांत पाठ झाले. कुणाचं घरटं कसं, कोण कुठून येतं, कोण कधी जातं, लेखी चाचणीत माझा पहिला नंबर. इंजिनियर माझ्या वहीचे फोटो काढून न्यायचा. पण चाचणीला महत्त्व नव्हतं. महत्त्व होतं शेवटच्या रविवारच्या फेरीला. शाळेची मुलं येणार, त्यांना वीस मिनिटं फिरवायचं, आणि त्या वीस मिनिटांत एकही थवा आपल्यामुळे उठता कामा नये. उठला की बिल्ला गेला.

आणि दर शनिवारी संध्याकाळी मी ज्या घरात जात होते तिथे नेमकं उलटं होतं.

माझा भाऊ बहिरा होत चालला आहे. उजवा कान गेलाच आहे, डावा निम्मा. त्याला कारण त्याची बंदूक. बंदूक म्हणजे प्लॅस्टिकच्या जाड पाइपची, आत कार्बाइड आणि पाणी घालायचं, मागे गॅसच्या शेगडीचा लायटर बसवलेला. खट केलं की धडाम. द्राक्षाच्या मण्यांत साखर उतरायला लागली की पाखरं येतात, त्यांना उठवायला. वरच्या प्लॉटवर त्यानं जाळी टाकली आहे, पण खालच्या, पाण्याकडच्या प्लॉटवर दर हिवाळ्यात तो स्वतः उभा राहतो आणि कानाशी ही तोफ वाजवतो. कितीदा सांगितलं, कानात कापूस घाल. मग भोरड्या, म्हणजे द्राक्षांवर थव्यानं उतरणारी ती पाखरं, आलेल्या ऐकू येत नाहीत म्हणे. आता तशाही येत नाहीत. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं मशीन काचेच्या कपाटात पडून आहे, भाचीच्या कबड्डीच्या ढालीशेजारी.

तर संध्याकाळी जेवायला बसलो की संवाद असा:

“भाकरी गरम आहे का रे?”

“काय?”

“भाकरी!”

“काय भाकरी?”

“गरम!”

“नको, झालं माझं.”

भावजय त्याच्याशी खुणांनीच बोलते. ती मला म्हणाली, “आक्का, तुमी आल्या की मला बरं वाटतं. तेवढाच माझ्या हातांना आराम.” मी शनिवारी संध्याकाळी घसा फाटेपर्यंत ओरडायचे आणि रविवारी सकाळी श्वास सोडत बोलायचे. दुपारी नाशिकरोडला घरी पोहोचले की नवरा म्हणायचा, तुझा आवाज बसलाय का? मी त्याच्याकडे नुसतं बघायचे.

सगळ्यात चीड यायची ती भावाच्या ‘काय’ची. मला वाटायचं, तो मुद्दाम करतो. लहानपणापासून त्याची सवयच ती, दुसऱ्यानं जिवाचं रान करावं आणि यानं आरामात पडून राहावं.

हे मी उगाच म्हणत नाही. आता द्राक्षं आहेत तिथे आमच्या लहानपणी बाजरी असायची. कणसं भरली की पाखरं राखायला आम्हा दोघांना शेतात पाठवायचे. दोन टोकांना दोन माळे, म्हणजे चार मेढींवर बांधलेले उंच मचाण. एकावर मी, एकावर तो. हातात गोफण. गोफण त्याची चांगली, आवाज माझा चांगला. वडिलांचा नियम होता की थोड्या थोड्या वेळानं एकानं हाक द्यायची, “होऽऽ हाऽऽ”, आणि दुसऱ्यानं लगेच उत्तर द्यायचं, “हाऽऽ होऽऽ”. पाखरं तर उठायचीच, पण खरं कारण वेगळं. उत्तर आलं म्हणजे दुसरा जागा आहे हे कळायचं. वडील विहिरीवर मोट सोडून नवीन बसवलेल्या इंजिनापाशी असत, त्यांचा कान या दोन आवाजांवर. उत्तर नाही आलं की चिंचेची फोक घेऊन निघालेच.

आणि माझा भाऊ झोपायचा. रोज. ऊन चढलं, माळ्यावर वारा लागला की हा गोफण उशाला घेऊन आडवा. मी हाक द्यायचे, पलीकडून काही नाही. मग मीच तोंडावर हात धरून, आवाज बारीक करून, दुसऱ्या दिशेला तोंड वळवून त्याच्या वतीनं उत्तर द्यायचे. हाक माझी, उत्तरही माझं. त्याच्या वाटचा मार त्याला एकदाही बसला नाही, आणि यातलं त्याला काही माहीत आहे असं मला कधी वाटलं नाही. माझा आवाज असा तयार झालेला आहे. शाळेत नंतर तो नुसता वापरला.

चौथ्या रविवारी प्रशिक्षकानं आम्हाला मौनात बसवलं. पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि कानावर येईल तो आवाज कागदावर काढायचा. मधोमध आपण, ज्या बाजूनं आवाज आला त्या बाजूला खूण. मी मन लावून बसले. चक्रवाक ओरडला, लिहिला. कुणाची मोटार, लिहिली. मारुतीच्या देवळातला भोंगा, लिहिला. आणि तेवढ्यात तीनच्या दिशेनं धडाम.

समोरचं अर्धं पाणी उठलं. बदकं, शेकाट्या, सगळं एकदम वर. इंजिनियरचा कॅमेरा खटखटत सुटला. प्रशिक्षकाचा शांत चेहरा पहिल्यांदा तांबडा झाला.

“दर रविवारी,” तो म्हणाला. “दर रविवारी हा माणूस हेच करतो. कुणी ओळखतं का या शेतकऱ्याला?”

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. बांधलेलीच होती, सोडून परत बांधली. लाज भावाची वाटत होती की स्वतःची, ते तेव्हा कळलं नाही. आज कळतं, स्वतःचीच. सख्ख्या भावाला मी चौदा लोकांत ओळख दिली नाही.

त्यानंतर काही सुचेनासं झालं. परीक्षेच्या रविवारी तो बंदूक वाजवणार आणि मुलांसमोर थवा उठणार. थवा माझ्यामुळे उठला नाही हे प्रशिक्षक मान्य करील, पण मुलांना दाखवायला पाण्यावर काही उरलं तर पाहिजे. आदल्या शनिवारी मी भावाला ओसरीवर गाठलं.

“उद्या सकाळी बंदूक वाजवू नकोस!”

“काय?”

“बंदूक! उद्या! नको!”

समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर येऊन बघायला लागली. भावाला समजलं होतं, पण त्याचा विश्वास बसत नव्हता. तो म्हणाला, “आक्का, मंगळवारी खुडा हाय. माल पुरा गोड झालाय. भोरड्या लय उतरल्यात या वर्षी. सकाळीच येत्यात, उजाडता.”

“माझी परीक्षा आहे!”

“काय?”

“परीक्षा! नापास होईन मी! अजिबात आवाज नको!”

एकोणसाठ वर्षांची बाई भर गल्लीत नापास होईन म्हणून ओरडत होती.  भावानं मनगटावरचं घड्याळ चाचपलं आणि म्हणाला, “नऊपर्यंत. नऊपर्यंत गप्प ऱ्हातो. मग माझं मी बघीन.”

मी खूश झाले. खूश होऊन झोपले. खुड्याला दोन दिवस असलेला उघडा प्लॉट भोरड्यांसमोर दोन-अडीच तास तसाच सोडायचा म्हणजे काय, हे मला, द्राक्षाच्या गावातल्या बाईला, कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. कळत होतं. मी त्याचा विचार केला नाही. मला बिल्ला हवा होता.

रविवारी सकाळी देवळाली कॅम्पातल्या एका शाळेची बस आली, सातवीची वीस मुलं. माझी पाळी आठ वाजता. पाटल्यांना रबरबँड, केसांना साधं खोबरेल, अंगात मातीचा ड्रेस. प्रशिक्षक हातात पुठ्ठा आणि त्यावर फॉर्म घेऊन दहा पावलं मागे.

आणि मी हळू बोलले. खरंच बोलले. मुलं जवळ येऊन, माना पुढे काढून ऐकत होती. मला स्वतःलाच नवल वाटलं, हळू बोललं की मुलं जवळ येतात हे एकतीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. हात खिशात ठेवले. “अकराच्या दिशेला, गवताच्या कडेनं,” असं म्हटलं की वीस माना तिकडे वळायच्या. हळदीकुंकू बदकाच्या चोचीचं पिवळं टोक सगळ्यांनी पाहिलं. पाणी जागचं हललं नाही. मी मागे वळून पाहिलं तर प्रशिक्षक चक्क हसत होता. पंधरा मिनिटं झाली. पाच राहिली.

स्टँडवर मोठी दुर्बीण लावलेली होती. मुलांना दलदल ससाणा दाखवायचा म्हणून मी ती उजवीकडे, तीनच्या दिशेला फिरवली आणि डोळा लावला. ससाणा नव्हता. भावाचा खालचा प्लॉट होता.

प्लॉटवर भोरड्यांचा ढग उतरत होता. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, भोरड्या एकेक येत नाहीत. अख्खं आभाळ वाकडं होतं आणि खाली येतं. आणि त्या ढगाखाली, वेलींच्या दोन ओळींमधून, माझा भाऊ धावत होता. हातात टॉवेल. टॉवेल डोक्यावर गरागरा फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, तिथून परत. ढेकूळ उचलून फेकत होता. एका ठिकाणी अडखळून पडला, उठला, परत धावला. तोंड घट्ट मिटलेलं. त्या दुर्बिणीतून मला त्याचे आवळलेले ओठ दिसत होते. बंदूक बांधावर आडवी पडलेली. पाखरं या ओळीतून उठत होती आणि मागच्या ओळीत बसत होती. सत्तावन्न वर्षांचा माणूस, धापा टाकत, हू का चू न करता. मी आवाज नको म्हटलं होतं, म्हणून तो ओरडतसुद्धा नव्हता.

किती वेळ तो तसा धावत होता कुणास ठाऊक. उजाडल्यापासून असणार.

“मॅडम, काय दिसतंय?” एका मुलीनं विचारलं. तिनंही हळूच विचारलं, मी शिकवलं होतं तसं.

मला स्वतःवर भयंकर राग आला. त्याच्यावरही आला, बैलासारखा अक्षरशः शब्द पाळतो म्हणून. प्रशिक्षकावर, बिल्ल्यावर, रबरबँडवर, सगळ्यावर आला. मी दुर्बिणीपासून बाजूला झाले, कडेच्या दगडावर चढले, दोन्ही हात तोंडाशी धरले.

“होऽऽऽ हाऽऽऽ!”

पंचेचाळीस वर्षं तो आवाज मी काढला नव्हता. वर्गातला आवाज त्यापुढे काहीच नाही. पाण्यावरचं होतं नव्हतं ते सगळं उठलं. बदकं, चक्रवाक, शेकाट्या, पलीकडच्या बाभळीवरचे बगळे. आणि उजवीकडे भोरड्यांचा ढग उचलला गेला, वर वळला आणि गावाबाहेरच्या माळाकडे निघाला. मुलं आधी घाबरली आणि मग टाळ्या वाजवायला लागली.

हाक दिल्यावर मी श्वास घेतला. तोंड दुसरीकडे वळवलं, आवाज बारीक करायला हात गोल केले. सवय. आता त्याच्या वतीनं उत्तर द्यायचं.

तेवढ्यात प्लॉटकडून आलं. घोगरं, फाटलेलं, पण आलं.

“हाऽऽऽ होऽऽऽ!”

मी हात तसेच तोंडाशी धरून उभी राहिले. मला रडू आलं, ते मी मुलांपासून लपवलंही नाही.

प्रशिक्षक जवळ आला. तो चिडलाय की नाही हे त्याच्या आवाजावरून कळायला मार्ग नव्हता, कारण आताही तो श्वासच सोडत होता. “मॅडम, हे काय केलंत? पाच मिनिटं राहिली होती.”

“तो माझा भाऊ आहे,” मी म्हटलं. “दर रविवारी बंदूक वाजवणारा. सख्खा भाऊ.”

त्यानं प्लॉटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फॉर्मवर काहीतरी लिहिलं. तो फॉर्म नंतर मला मिळाला. माहिती: उत्तम. मुलांशी संवाद: उत्तम. आवाजावर नियंत्रण: नाही. पुढील हंगामात पुन्हा प्रयत्न करावा. इंजिनियर पास झाला. त्याला बिल्ला आणि टोपी दोन्ही मिळालं, आणि टोपी त्याला घट्ट होते म्हणून त्यानं ग्रुपवर तक्रारही टाकली.

मी मात्र तशीच बांधावरून प्लॉटकडे निघाले. पाय आपटतच गेले. भाऊ कडेच्या ओळीत खाली बसला होता, पाठ खांबाला टेकवून, टॉवेल मांडीवर. बंदुकीला त्यानं हात लावलेला नव्हता. पाण्याकडच्या चार ओळींतले घड फोडलेले होते, त्यातून रस गळत होता आणि त्यावर माश्या आल्या होत्या. आतला माल वाचला होता. गुडघ्याला खरचटलेलं, पँटवर माती.

त्यानं घड्याळ बघितलं. “नऊ नाय वाजले अजून.”

“ओरडायचं तरी ना रे!” मी ओरडले. “बंदूक नको म्हटलं होतं! तोंड कुणी शिवलं होतं तुझं?”

“तूच म्हणली, अजिबात आवाज नको.”

 मी त्याच्या शेजारी मातीत बसले. मातीचाच ड्रेस होता, काही बिघडणार नव्हतं. पाटल्यांचे रबरबँड काढून फेकून दिले.

“पास झाली का?” त्यानं विचारलं.

“नाही!”

या वेळी तो ‘काय’ म्हणाला नाही. टॉवेलनं तोंड पुसलं. समोर पाणी रिकामं होतं. पाखरं अजून वर घिरट्या घालत होती, खाली बसायला तयार नव्हती.

“आक्का,” तो म्हणाला, “लहानपणी तू माझंबी ओरडायची ना, दोघांचं? मला ठाऊक व्हतं. माळ्यावर पडल्या पडल्या ऐकू यायचं.”

त्यानं टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

“आज जागा व्हतो मी.”